चुकलंमाकलं, साहेब

मित्रांनो, मी एक जुना शेगडा आहे आणि मला भयंकर राग आलेला आहे. शेगडा म्हणजे लोखंडाचा जबडा. दांडा फिरवून त्यात वस्तू घट्ट आवळायची आणि मग तिच्यावर कानस चालवायची. कारखान्यात मला सगळे वाइस म्हणतात. काहीही म्हणा. आपली कहाणी सांगणाऱ्यानं गोड बोलावं, मधूनमधून उसासे टाकावेत, अशी अपेक्षा असते हे मला ठाऊक आहे. मला ते जमणार नाही. बारा-तेरा वर्षं दात आवळून काढली आहेत, आज बोलतो आहे तर रागानंच बोलणार.

माझा जन्म कोल्हापूरच्या एका ओतशाळेतला. मोडके उसाचे चरक आणि निकामी इंजिनं वितळवून मला ओतलं. एका म्हाताऱ्या कारागिरानं माझ्या जबड्यांवर आडवेउभे दात कोरले आणि दांडा आवळून बघत तो म्हणाला, "ह्यो धरल्यालं सोडायचा न्हाई." माझं एवढंच काय ते कौतुक झालं. पुढं सात-आठ वर्षं मी तिथल्याच एका छोट्या वर्कशॉपात शेतीच्या पंपांचे भाग धरून ठेवत होतो. ते दिवस बरे होते. माझ्या जबड्यातून निघालेली वस्तू कुठल्यातरी विहिरीवर जाऊन पाणी उपसत असे.

ते वर्कशॉप बंद पडलं आणि १९५३ साली मी एका लॉरीतून चिंचवडला आलो. मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला नवा कारखाना उभा राहत होता. आजूबाजूला बाजरीची रानं, बाभळी आणि मधेच चुन्याच्या फक्क्या मारून आखलेल्या जमिनी. पिंपरीकडं औषधांचा मोठा कारखाना होणार म्हणून बोलबाला होता आणि लोक कामाच्या शोधात लांबलांबून येत होते. मला वाटलं, आता मोठ्या खात्यात काम मिळेल. पण माझी नेमणूक झाली गेटाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये, भरतीच्या टेबलावर. नोकरी मागायला आलेल्यांची ट्रायल माझ्यावर घ्यायची, एवढंच काम. तेव्हापासून माझ्या जबड्यात एकही उपयोगी वस्तू तयार झाली नाही. जो येईल तो जीव तोडून एक तुकडा घासायचा. तो तुकडा बघून झाला की भंगाराच्या डब्यात. माणसाच्या हातून झालेलं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम मी डब्यात पडताना ऐकलेलं आहे, तेही आठवड्यातून दोनदा.

माझ्यापासून चार हातांवर मुलाखतीचं टेबल होतं. त्यामुळं हात कसे चालतात ते मला कळायचं आणि तोंडं कशी चालतात तेही ऐकू यायचं. मित्रांनो, उद्या तुम्हीही असेच कुठंतरी उभे राहणार आहात, म्हणून सांगतो. काय काय लोक बघितले मी! एकजण पाटलाची चिठ्ठी घेऊन आला आणि कानस उलटी धरली. एकजण आल्या आल्या आधीच्या मालकाला शिव्या देऊ लागला. समोरच्याच्या मनात लगेच आलं की हा उद्या आपल्यालाही देणार. एकानं आपली हुशारी दाखवायला तीन तासांचं काम सव्वा तासात उरकलं आणि मग उरलेला वेळ आपला तुकडा जागेवर का बसत नाही याची कारणं सांगितली. अरे बाबांनो, कामाला हात घालण्याआधी काय पाहिजे ते नीट विचारा! विचारल्यानं कुणी अडाणी ठरत नाही. माझा जबडा हलवून बघा, तो ढिला असेल तर सांगा. तुकडा खोल धरा, उंच धरलात तर तो थरथरतो आणि तुमची कानस वाकडी जाते. पितळी पत्र्याची घडी मधे घातलीत तर माझ्या दातांचे वळ तुमच्या कामावर उठत नाहीत. एवढं जो करायचा त्याचं अर्धं काम तिथंच झालेलं असे.

पण मला राग आहे तो या लोकांचा नाही. यांना काम येत नव्हतं, ते परत गेले, ठीक आहे. ज्याला काम येत होतं त्याचं काय झालं ते आता ऐका.

१९५४ च्या जानेवारीत चाकणच्या पुढच्या एका गावाहून भैरू नावाचा माणूस आला. जातीनं आणि धंद्यानं लोहार. गावाचे नांगर-कुळव सांभाळायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन जे कुणी पदरात घालील ते घ्यायचं, अशी त्याच्या घराची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. फिटरच्या जागेसाठी ट्रायल होती. लोखंडी पट्टीत चौकोनी भोक करायचं आणि त्यात चौकोनी ठोकळा बसवायचा, कुठल्याही बाजूनं फिरवून घातला तरी सारखा बसला पाहिजे.

भैरूनं आधी माझ्यावरून हात फिरवला. मग खिशातून चिंधी काढून मला पुसलं. इतक्या लोकांत मला पुसणारा तो पहिला. त्याची कानस अशी सरळ चालत होती की मला काही धरून ठेवावं लागतंय असं वाटेना. दर थोड्या वेळानं तो ठोकळा बसवायचा, पट्टी खिडकीकडं धरायचा आणि एक डोळा मिटून फटीतून उजेड येतो का बघायचा. दुपार कलता कलता चारही बाजूंनी उजेड बंद झाला. तो ठोकळा माझ्या जबड्यात होता, मी सांगतो ना. असं काम मी कोल्हापूरलाही धरलेलं नव्हतं.

फोरमनसाहेब आले. ते कलकत्त्याकडचे, मराठीचा गंध नाही. त्यांच्याबरोबर भरतीचे कारकून नानासाहेब. कोट, टोपी, खिशाला दोन पेनं. फोरमननी ठोकळा घातला, काढला, फिरवला, पुन्हा घातला. त्यांच्या भुवया वर गेल्या. आता फक्त गप्प उभं राहायचं होतं. आणि भैरूनं हात जोडले.

"चुकलंमाकलं आसंल तर सांभाळून घ्या साहेब."

मित्रांनो, तुम्हाला यात काही वावगं वाटतं का? नाही वाटणार. कीर्तन संपलं की बुवा हेच म्हणतात. लग्न लागलं की मुलीचा बाप हेच म्हणतो. ज्याचं काहीही चुकलेलं नाही असाच माणूस आपल्याकडं हे मोठ्या आवाजात म्हणतो.

"क्या बोलता है?" फोरमननी विचारलं.

नानासाहेब शांतपणे म्हणाले, "बोलता है, काम में चूक हुआ है, संभाल लो."

फोरमननी पट्टी पुन्हा उचलली. उजेडाकडं धरली. "किधर चूक है?"

नानासाहेबांनी भैरूला विचारलं, "साहेब विचारतायत, कुठं चुकलंय?"

आणि त्या भल्या माणसानं उत्तर दिलं, "आपल्याला काय कळतंय नानासाहेब. मोठी माणसं तुमी."

मला वाटलं माझा दांडा आपोआप फिरावा आणि कुणाचं तरी बोट सापडावं. पुढं पगाराचा प्रश्न आला. किती पाहिजे? भैरू म्हणाला, "तुमी द्याल ते." खळ्यावर म्हणायचा तसाच. तिथं निदान देणाऱ्याला सगळ्या गावासमोर लाज असायची. इथं कागद होता. फोरमन खांदे उडवून म्हणाले की जो स्वतःच आपलं काम चुकलं म्हणतो त्याला फिटर कसा करणार, हेल्पर म्हणून घ्या. नानासाहेबांनी लिहिलं : हेल्पर, रोज दीड रुपया. फिटरला साडेतीन होते. माणूस स्वस्तात मिळवला म्हणून हेड ऑफिसात नानासाहेबांची वाहवा होत असे, हे मला पुढं कळलं. त्यांना त्या वाक्याचा अर्थ माहीत नव्हता असं कुणी मला सांगू नये. त्यांच्या स्वतःच्या घरी सत्यनारायण झाला तेव्हा दुसऱ्या दिवशी या शेडमध्ये सगळ्यांना प्रसाद देताना तेही हेच म्हणाले होते. मी इथूनच ऐकलं.

हेल्पर भैरूला जी कामं मिळाली त्यात रोज सकाळी भरतीची शेड झाडणं आणि मला तेल देणं हेही एक होतं. तीन वर्षं तो माझी देखभाल करत होता. माझी अशी काळजी कधीच कुणी घेतली नाही, आणि मला तिचा एक दिवसही आनंद झाला नाही. खात्यात एखाद्या फिटरचं काम अडलं की "भैरू, जरा बघ रे" अशी हाक यायची. तो जाऊन काम बसवून द्यायचा आणि परत येऊन झाडू घ्यायचा.

याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. त्याला खरंच वाटू लागलं होतं की आपलं काम चुकलं. सगळे यायच्या आधी तो भंगारातला एखादा तुकडा माझ्यात आवळायचा, घासायचा, खिडकीकडं धरायचा. उजेड येत नसे. तरी मान हलवायचा. जी चूक नव्हतीच ती तो तीन वर्षं शोधत होता. पहिल्यांदा आला तेव्हा त्याची कानस सरळ चालायची, आता ती मधेच थबकू लागली. मी हे सगळं जबड्यात जाणत होतो आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत त्याची बायको सोजराबाई शेडच्या खिडकीशी भाकरी घेऊन यायची. दोघं भोसरीत एका खोलीत राहत होती. दीड रुपयात दोन मुलांचं भागेना, म्हणून ती मुंबई रस्त्याच्या रुंदीकरणावर खडी फोडायला जात होती. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असायच्या. ती एकदा म्हणाली, "पुन्हा इचारा की त्यास्नी." भैरू म्हणाला, "चुकलंय माझं कायतरी. साहेबानं उगंच कमी धरलं नसंल." ती भाकरी सोडून ठेवून निघून गेली.

१९५७ च्या उन्हाळ्यात बीडकडचा एक तरुण फिटर आला. ज्योतीराम त्याचं नाव. हात चांगला, थोडा घाईचा, पण चांगला. त्याचा ठोकळा बसला. भैरू कोपऱ्यात लोखंडाचा कीस भरत होता. ज्योतीरामनं हात जोडले आणि म्हणाला, "चुकलंमाकलं असंल तर सांभाळून घ्या मालक."

"क्या बोलता है?"

"बोलता है, काम में चूक हुआ है."

आता तीन वर्षांत भैरूला कारखान्यातली हिंदी चांगली कळू लागली होती. त्याच्या हातातली सुपली तिथंच थांबली. तो नानासाहेबांकडं बघत राहिला. मी त्याचा चेहरा बघितला. माणसाला राग येतो त्याच्या आधी एक क्षण असा असतो की त्याला काहीच येत नाही. तो क्षण बराच लांबला. मग तो पुढं आला. हेल्परनं साहेबांच्या टेबलाशी जायचं नसतं, तो गेला. काम जाईल हे त्याला ठाऊक होतं, आणि सोजराबाईचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर आला नसेल असं मी म्हणणार नाही.

"साहेब, चूक नहीं है," तो म्हणाला. "ऐसा बोलने का रिवाज है हमारे में."

"भैरू! तुझं काय काम इथं? बाहेर हो!" नानासाहेब ओरडले.

भैरू हलला नाही. त्याची हिंदी मोडकीतोडकी होती, पण त्या दिवशी ती पुरली. "साहेब, घर में पाव्हणा आया, बाई ताट वाढती. बोलती, गोड मानून घ्या. तो क्या जेवण कडू रहता है?"

फोरमन मग हसू दाबत म्हणाले, "मेरी माँ भी ऐसा ही बोलती है. सात चीज पका के बोलती है, कुछ नहीं बनाया." त्यांनी ज्योतीरामची पट्टी उचलली, उजेडाकडं धरली आणि सही केली. फिटर, साडेतीन रुपये. मग त्यांना भैरूची जुनी ट्रायल आठवली आणि त्यांचं हसू गेलं. ते नानासाहेबांकडं वळले. तुम्हाला हे माहीत होतं का, असं त्यांनी विचारलं.

"मैंने शब्द का शब्द बताया साहेब. एक शब्द झूठ नहीं," नानासाहेब म्हणाले.

आणि हे खरं होतं. म्हणूनच माझा इतका संताप झाला. खोटं बोलले असते तर त्यांना धरता आलं असतं.

फोरमननी भैरूची ट्रायल पुन्हा घ्यायचं ठरवलं, दुसऱ्याच दिवशी. त्या संध्याकाळी भैरूनं एक शहाणपणाचं काम केलं. ज्योतीरामला त्यानं सरळ विचारलं, "भावा, तुला किती ठरलं? कागदावर काय लिवलंय?" लोक हे एकमेकांना विचारायला लाजतात, सांगायला त्याहून लाजतात, आणि त्या लाजेवर कुणाचं तरी चांगलं चालतं. ज्योतीरामनं कागद काढून त्याच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी भैरूनं मला पुसलं, पितळी पत्रा घातला आणि सुरुवात केली. पहिला अर्धा तास त्याची कानस थबकत होती. तीन वर्षं मनात बसलेलं असं एका रात्रीत निघत नाही. मी जेवढं घट्ट धरता येईल तेवढं धरलं, दुसरं माझ्या हातात काय होतं? मग हळूहळू तो जुना हात परत आला. ठोकळा चारही बाजूंनी बसला. फोरमननी बघितला आणि भैरूकडं पाहिलं. भैरूचे हात सवयीनं जोडले जाऊ लागले, तोंडही उघडलं. "चुक..." एवढं निघालं. त्यानं तोंड मिटलं, हात खाली घेतले आणि म्हणाला, "बराबर है साहेब. देख लो."

"कितना पगार मांगता है?"

"साडेतीन रुपये."

एवढं बोलून तो गप्प बसला. मित्रांनो, गप्प बसणं हे काय काम आहे ते मला विचारा. आकडा सांगितल्यावर माणसाची जीभ वळवळू लागते. जास्त वाटलं का साहेब, थोडं कमी चालेल, घरी दोन मुलं आहेत... असं बोलत तो आपलाच आकडा आपणच खाली आणतो. भैरू बोलला नाही. फोरमन म्हणाले, आत्ता दोन घे, पुढच्या वर्षी बघू. भैरू म्हणाला, "अगले साल का अगले साल, साहेब. नया फिटर आज के आज साडेतीन लेता है. मेरे को तो इधर का सब काम मालूम है. खाते में पूछो." त्यानं घरची अडचण सांगितली नाही, दया मागितली नाही. केलेल्या कामाचं बोलला आणि पुन्हा गप्प झाला. फोरमन पेन्सिल टेबलावर आपटत बसले. अडीच म्हणाले, तीन म्हणाले. शेवटी साडेतीन लिहिलं.

"और पिछला तीन साल?" भैरूनं विचारलं.

फोरमननी कागद आवरले. ते म्हणाले की तेव्हा जे सांगितलं गेलं त्यावर निर्णय झाला, आता त्यात कुणाची चूक काढणार. आणि ते निघून गेले. ते वाईट नव्हते, पण त्यांना घाई होती.

नानासाहेब मागं रेंगाळले. टोपी सारखी करत, हसून ते म्हणाले, "काय भैरू, माझं काही चुकलंमाकलं असेल तर सांभाळून घे हो."

भैरू म्हणाला, "काय चुकलं ते सांगा की. जाऊन साहेबाला हिंदीत सांगा." नानासाहेब काही गेले नाहीत.

दुपारी सोजराबाई खिडकीशी आली. भैरूनं तिला सगळं सांगितलं. साडेतीन झाले, आजपासून झाले, माझं काम तेव्हाबी बराबर होतं. मला वाटलं ती हसेल. तिनं भाकरीचं फडकं खिडकीत ठेवलं, दोन्ही हात गजांवर ठेवले. डाव्या हाताचं एक नख कायमचं गेलेलं होतं.

"म्हंजी तुमचं चुकलं न्हवतं," ती म्हणाली.

"न्हाई."

"साहेबाचंबी न्हाई?"

"त्यो म्हणतो न्हाई."

"आन्‌ त्या नानासाहेबाचं?"

"त्यो म्हणतो शब्दाला शब्द सांगितला."

"मंग मी तीन वर्सं खडी का फोडली?"

तिनं मग फडकं त्याच्याकडं सरकवलं आणि जेवून घ्या म्हणाली.

मित्रांनो, माझे दात आता झिजले आहेत, लवकरच मलाही भंगारात टाकतील. मला तेल द्या, मला जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मला जपून काय होणार आहे? तुमच्यातले काही उद्या टेबलाच्या अलीकडं उभे राहतील. त्यांनी नम्र असावं, मोठ्यांपुढं वाकावं, पण आपल्या हातानं नीट केलेल्या कामाला स्वतःच्या तोंडानं चुकलं म्हणू नये. आणि काही जण टेबलाच्या पलीकडं, खुर्चीत बसतील. माझा राग तुमच्यासाठी राखून ठेवलेला आहे. समोर हात जोडून उभा असलेला माणूस तुमच्याच मुलखातला असेल, त्याला काय म्हणायचं आहे ते तुम्हाला बरोबर कळेल. ते कळलेलं लिहा. सोयीचं तेवढंच लिहायचं असेल, तर एकदा सोजराबाईच्या समोर जाऊन उभे राहा आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर देऊन या.